सात नंबरची काठी

४ मार्च, सोमवार

धाकट्या,

अक्षरावरून ओळखलंच असशील. घाबरू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. कुणी आजारी नाही, कुणी गेलं नाही. कामाचं एक विचारायचंय म्हणून लिहितोय. फोन केला असता, पण फोनवर मला बोलता येत नाही हे तुला माहीत आहे. गिऱ्हाइकाशीसुद्धा मी हातातल्या काठीकडे बघूनच बोलतो.

आपल्या मैदानावर एक दातांच्या डॉक्टरीणबाई येतात. दवाखाना मुलीच्या हवाली केला आणि साठीत गोल्फ शिकायला निघाल्या. हँडिकॅप चौतीस. तू या धंद्यातून कधीचाच बाहेर पडलास म्हणून सांगतो, चौतीस म्हणजे जिथे बरा खेळाडू चार फटक्यांत चेंडू भोकात घालतो तिथे बाई सहा घेतात, आणि त्यातला एखादा झाडाला लागतो. पण हसतमुख बाई आहेत. झाडाची माफी मागतात.

मागच्या आठवड्यात त्या एक जुना सेट घेऊन आल्या. कुठल्याशा हॉटेलचं सामान विकायला काढलं होतं, त्यात मिळाला म्हणाल्या. सहा आयर्न. सगळ्यांची लांबी एकसारखी. लोखंडी डोक्याची पाठ फुगलेली, आतून पोकळ. बूड इस्त्रीसारखं रुंद. दुकानातल्या मुलांनी बघून तोंडं वाकडी केली. बाई मला म्हणाल्या, "मिस्त्री, खरं सांगा. असली जुनी, विचित्र आयर्न माझ्यासारख्या कच्च्या खेळाडूला चालतात का? सगळे म्हणतात फेकून द्या."

मी म्हटलं, यातलं माझ्यापेक्षा जास्त कळणारा एक माणूस आहे, त्याला विचारून सांगतो.

तर तुला विचारतोय. दोन ओळी लिहिल्यास तरी चालेल.

तुझी वहिनी बरी आहे. तुझा पत्ता तिच्याकडेच होता. इतकी वर्षं होता, हे मला परवा कळलं.

दादा

१९ मार्च, मंगळवार

धाकट्या,

उत्तर आलं नाही. येईल असं धरून चाललो होतो असंही नाही.

बाई काही थांबल्या नाहीत. "तुमचा तो जाणकार कळवेपर्यंत मी म्हातारी होईन," म्हणाल्या आणि तोच सेट घेऊन मैदानात उतरल्या. मी वर्कशॉपच्या खिडकीतून बघत होतो. पहिले तीन चेंडू जमिनीवरून सरपटत गेले. चौथा उठला. पाचवा असा उठला की बाईंनी मागे वळून बघितलं, दुसऱ्याच कुणी मारला की काय म्हणून. आता रोज सकाळी येतात. लांबीला मार थोडा तोकडा पडतो, चार नंबरने जेवढं जायला हवं तेवढं जात नाही. पण सरळ जातं. परवा हँडिकॅप एकोणतीसवर आला.

आडून आडून विचारायची सवय माझी जुनीच. तो सेट तुझा आहे. बाईंनी पिशवीतून पहिली काठी काढली तेव्हाच ओळखला. पाठीवर तुझ्या कानशीचे आडवे ओरखडे आहेत. तू नेहमी डावीकडून उजवीकडे घासायचास, बाबा ओरडायचे त्यावरून.

स्वयंपाकघरातलं टेबल आठवतं का? दोन वर्षं आईला त्यावर धड भाजी चिरता आली नाही. एका टोकाला तुझे साचे, दुसऱ्या टोकाला तिची विळी. बाबा तुला फूटपट्टी म्हणायचे. "फूटपट्टी, जेवताना तरी मोजू नकोस." तू मला समजावून सांगायचास. कच्चा माणूस प्रत्येक काठीला वेगळा उभा राहतो, प्रत्येक वेळी वेगळा चुकतो. सगळ्या काठ्या एका लांबीच्या केल्या तर त्याला एकदाच उभं राहायला शिकायचं. आणि बूड रुंद केलं तर काठी मातीत रुतत नाही. मी ऐकायचो कुठे. मी म्हणायचो, सगळ्या पोरांना एकाच मापाचे कपडे शिवतोयस, कुणाला तरी तोकडे पडणारच. आई हसायची म्हणून मी तेच तेच म्हणायचो.

मग ती चाचणी. शिकाऊ वर्गासाठी क्लब बारा सेट तुझ्याकडून बनवून घेणार होता. तू सात काठ्या आणल्यास, चारपासून नऊपर्यंत आणि जवळच्या माराची एक वेज. सेक्रेटरीने क्लबातले सगळ्यात कच्चे सहा जण उभे केले. आणि चेंडू कुठल्या कुठे गेले. चार, पाच, सहा नंबरचे सगळे उजवीकडे. आठ, नऊ आणि वेजचे डावीकडे. सरळ गेला तो फक्त सात नंबरचा. कुणी तरी म्हणालं, "एकच शहाणी निघाली घरात." लोक हसले.

त्या दिवशी दैव फिरलं होतं, दुसरं काय.

तुझी वहिनी आता हे वाचून म्हणाली, "दैव फिरलं होतं असं लिहिलंत?" आणि भांडी घासायला निघून गेली. भांडी घासून झालेली होती.

दादा

७ एप्रिल, रविवार

धाकट्या,

मागच्या पत्रात दैवाचं लिहिलं ते खोडून टाक.

आज वर्कशॉप बंद असतं. मी एकटाच येऊन बसलोय. काठ्या वाकवायचा शिकंजा समोर आहे, तोच, पितळी जबड्यांचा, लांब दांड्याचा. भिंतीवर बाबांनी रंगवलेला तक्ता आहे. चार नंबर साडेएकोणसाठ अंश, पाच नंबर साडेसाठ, असा दर नंबरला एक एक अंश चढत साडेपासष्टपर्यंत. माझा सगळा जन्म हा तक्ता वाचण्यात गेला. काठी येते, मी ती शिकंज्यात धरतो, दांड्याचा जमिनीशी कोन मोजतो, डोक्याजवळची मान तक्त्याप्रमाणे वाकवतो, परत देतो. डोळे मिटून करीन.

चाचणीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तू सेट माझ्या बाकावर ठेवून आंघोळीला गेलास. चिठ्ठी बांधलेली नव्हती. बाबांचा नियम तुला माहीत आहे, काठीला चिठ्ठी नाही तर हात लावायचा नाही. मालक कोण, काम काय, कधी हवी, या तीन ओळी लिहिल्याशिवाय या बाकावर काही हलायचं नाही. पण तुझा सेट म्हणजे घरचाच, त्याला चिठ्ठी कसली, असं म्हणून मी एक काठी उचलली. सहज कोन मोजला. साडेबासष्ट. दुसरी घेतली, साडेबासष्ट. सातही काठ्या साडेबासष्ट.

मला वाटलं तू विसरलास. देवाशपथ, तेवढंच वाटलं. लांबीच्या नादात पोरगं कोन करायचं विसरलं आणि उद्या चारचौघांत हसं होणार. लांबी सारखी केली की कोनही सारखाच लागतो, हे तू मला त्या टेबलावर वीस वेळा सांगितलं असशील. मी ऐकलं नव्हतं ना. मी तुझ्यावर उपकार करायला बसलो. एकेक काठी धरली आणि बाबांच्या तक्त्याप्रमाणे वाकवली. सात नंबर तेवढी तशीच ठेवली, कारण तक्त्यातही सातला साडेबासष्टच आहे. तू आंघोळ करून यायच्या आत सेट जागेवर होता. सांगितलं नाही. म्हटलं, सकाळी सगळं सरळ जाईल, मग सांगू, मग दोघं हसू.

एवढं असतं तर मी कधीच सांगून टाकलं असतं. चूक कुणाच्याही हातून होते.

पण मैदानावर चौथा चेंडू उजवीकडे गेला आणि मला कळलं. पायाखाली गवत होतं तरी चिखलात उभं राहिल्यासारखं झालं. एक शब्द बोलायचा होता. "थांबा, चूक माझी आहे, मला अर्धा तास द्या." शिकंजा दीडशे पावलांवर होता. मी नाही बोललो. समोर सेक्रेटरी, सगळी कमिटी, वीस-पंचवीस सभासद. बाबा जाऊन वर्षही झालं नव्हतं, त्यांची जागा मला नुकतीच मिळाली होती. ज्याला काठीचा कोन कळत नाही असा मिस्त्री, हे मला ऐकायचं नव्हतं. तेवढ्यात सेक्रेटरीने मलाच विचारलं, "मिस्त्री, तुमचं मत काय?"

मी काय म्हणालो ते तुला पाठ असेल. मलाही आहे. "मी याला आधीच सांगितलं होतं. असली विचित्र काठी कच्च्या माणसाच्या हातात द्यायची नसते."

तू माझ्याकडे बघितलंस. रागाने नाही. मोजताना बघायचास तसं बघितलंस. मग सातही काठ्या पोत्यात घातल्यास आणि रात्रीच्या गाडीने गेलास. आईला वाटलं चार दिवसांत येशील.

तेवीस वर्षं जो कच्चा खेळाडू असली काठी घेऊन आला त्याला मी हेच वाक्य ऐकवून परत पाठवला. खोटं एकदा बोललो की ते धंद्याचं मत होऊन बसतं. शंभर तरी माणसं असतील.

तुझं आयर्न चुकीचं नव्हतं. वाकडी झाली ती माझ्या हातून. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली, आणि लिहायला पाव तास पुरला.

दादा

२ मे, गुरुवार

धाकट्या,

अजून एक राहिलंय. ते लिहिलं नाही तर मागचं पत्रही अर्धंच.

डॉक्टरीणबाईंनी सेट माझ्याकडे पहिल्यांदा ठेवला, त्या संध्याकाळी मी दार आतून लावून घेतलं. मनाशी ठरवलं, निदान एवढं तरी करू, मी वाकवलेल्या माना मी सरळ करू. पहिली काठी धरली, कोन मोजला. साडेबासष्ट. मला वाटलं कोनमापकच बिघडला. दुसरी. साडेबासष्ट. सहाच्या सहा साडेबासष्ट.

मग चष्मा लावून माना बघितल्या. पितळेचे दोन दोन ठसे आहेत. एक जोडी माझ्या शिकंज्याची, मी ती कुठेही ओळखीन, डाव्या जबड्याला कोपऱ्यात खाच आहे. आणि त्यावर दुसरी जोडी, दुसऱ्या कुठल्या तरी शिकंज्याची.

म्हणजे तुला माहीत होतं. तू गेलास, कुठे तरी शिकंजा मिळवलास, काठ्या मोजल्यास आणि जशा केल्या होत्यास तशा पुन्हा केल्यास; पुढे त्या हॉटेलात कशा गेल्या ते तूच जाणे. खाच बघून हात कुणाचा तेही तुला कळलं असणार. बहुधा पहिल्याच आठवड्यात. नाही तर मैदानावरच.

आणि तरी तू काही बोलला नाहीस. मी हे पत्रांतून इतके दिवस लपवलं, कारण हे लिहिलं की आईच्या वेळचं लिहावं लागतं.

आई गेली तेव्हा तू आलास. नऊ वर्षांनी. पाहुणे पांगल्यावर आपण दोघंच त्या टेबलापाशी बसलो होतो. तू टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत होतास, तुझ्या कानशीने जिथे चर पडलाय तिथे. मग तू विचारलंस, "दादा, मला काही सांगायचंय का तुला?"

मला वाटलं आईबद्दल विचारतोयस. असं मी स्वतःला सांगत आलो. खरं तर मला तेव्हाही कळलं होतं, काय विचारतोयस ते. मी म्हटलं, "जेवून जा." तू म्हणालास, "नको, गाडी आहे." तू चपला घातल्यास, वहिनीच्या पाया पडलास, माझ्या पडला नाहीस.

तू मला दार उघडून दिलं होतंस आणि मी जेवणाचं विचारलं. वाकवण्यापेक्षा, मैदानापेक्षा, हे मला जास्त टोचतं. तेव्हा समोर सेक्रेटरी नव्हता, कमिटी नव्हती. तू एकटा होतास.

तू आता कुबड्या आणि वॉकर बनवणाऱ्या कारखान्यात आहेस असं तुझी वहिनी म्हणाली. प्रत्येक माणसाची उंची मोजून बनवतोस म्हणे. ऐकून बरं वाटलं. वाईटही वाटलं. तू गोल्फच्या काठ्या बनवायच्या होत्यास.

बाईंना काल सगळं सांगितलं. सेट कुणाचा, मी काय केलं, सगळं. दात काढायची सवय असलेली बाई, मूळ निघेपर्यंत थांबल्या. शेवटी म्हणाल्या, "मिस्त्री, मग माझ्या प्रश्नाचं उत्तर काय?" मी म्हटलं, चालतात. कच्च्या माणसाला चांगल्याच चालतात. लांबचा मार कमी पडेल तो सोसायचा, आणि कोणा शहाण्याला माना वाकवू द्यायच्या नाहीत. भिंतीवरच्या तक्त्याखाली तेच एका ओळीत लिहून टाकलंय, लाल रंगात, क्लबात येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असं. नव्या सेक्रेटरीने विचारलं, हे काय? मी म्हटलं, दुरुस्ती. त्यालाही सगळं सांगितलं. तो तरुण आहे, त्याला त्यात विशेष काही वाटलं नाही. जी गोष्ट तोंडातून काढायला मी तेवीस वर्षं भ्यालो ती ऐकून तो चहा प्यायला गेला.

बाईंच्या सेटमध्ये सात नंबर नाही. त्या म्हणतात, बनवून द्या. मी बनवत नाहीये. ती बनवायचा हक्क माझा नाही. आणि मला असंही वाटतं की ती काठी हरवलेली नाही.

मला माफ कर असं लिहायला बसलो होतो. आता वाटतं, ते मागायलाही मी उशीर केला. तू एकदा येऊन मला तोंडावर हवं ते बोल. मी खाली बघणार नाही, काठीकडे बघणार नाही, तुझ्याकडे बघेन. एवढंच हवंय. नाही आलास तरी समजेन.

दादा

२१ मे, मंगळवार

धाकट्या,

पार्सल काल दुपारी पोचलं. वहिनीने सही करून घेतलं आणि वर्कशॉपमध्ये स्वतः घेऊन आली. वीस वर्षांत ती वर्कशॉपमध्ये आली नव्हती. दारातच उभी राहिली, उघडा म्हणाली.

पुठ्ठ्याची लांब नळी, दोन्ही टोकांना कापूस ठासलेला. तुझंच बांधणं. आत सात नंबर. पाठीवर आडवे ओरखडे. मानेवर पितळेचा एकही ठसा नाही, माझा नाही की दुसऱ्या कुणाचा नाही. ग्रिप मात्र पार झिजली आहे, दोन्ही अंगठ्यांच्या जागी खड्डे पडलेत. तू ती नुसती ठेवली नव्हतीस, तू खेळत होतास. कुठे, कुणाबरोबर, मला काही माहीत नाही.

पत्र नव्हतं. मी नळी उलटी करून झटकली, वहिनीने कापूस पिंजून बघितला. मग तिलाच दिसलं, मानेला दोऱ्याने चिठ्ठी बांधली होती. आपलीच, वर्कशॉपची, बाबांनी छापून घेतलेल्यांपैकी. पिवळी पडली आहे. जाताना गठ्ठ्यातून घेतली असशील. ती तेवीस वर्षं कशाला जपलीस ते मी विचारत नाही.

मालक, या ओळीपुढे तू तुझं नाव लिहिलंयस.

काम, या ओळीपुढे लिहिलंयस, फक्त ग्रिप बदलणे. वाकवू नये.

वहिनी आधी हसली. मग पदराने डोळे पुसत बाहेर जाऊन उभी राहिली. मी बाकावर बसून राहिलो. चिठ्ठी दोनदा वाचली, तिसऱ्यांदा वाचताना अक्षरं नीट दिसेनात.

जुनी ग्रिप सोलून काढायला वेळ लागला, खालची टेप दांड्याला चिकटून बसली होती. नवी बसवली. शिकंज्याजवळ नेलीसुद्धा नाही. कोनही मोजला नाही. हात शिवशिवत होते, खोटं कशाला सांगू, पण मोजला नाही. जुनी ग्रिप टाकलेली नाही, ती खणात आहे.

चिठ्ठीवर तिसरी ओळ आहे, कधी हवी. ती तू कोरी ठेवलीस. नियमाप्रमाणे मी अशी काठी बाकावर घ्यायलाच नको होती, गिऱ्हाइकाला परत पाठवून आधी तारीख लिहून आणा म्हणायला हवं होतं. मी तसं म्हणणार नाही. काठी तक्त्याखालच्या खिळ्याला टांगली आहे, चिठ्ठी तशीच बांधलेली आहे. दुकानातल्या मुलांना सांगून ठेवलंय की तिला कुणी हात लावायचा नाही, मीसुद्धा नाही.

वर्कशॉप सकाळी आठला उघडतं. रविवारी बंद असतं, पण मी असतो.

दादा